बॉल, आलास का रे?

अमेरिकेतल्या ईडन प्रेरीच्या आमच्या मराठी मंडळात उल्हासकाका दिसले की लोक वाट बदलत. सापडलेल्या माणसाला ते एकाच नाटकाचा इतिहास ऐकवत. नाटक मूळचं पॅरिसचं. तिथून लंडनला गेलं, साहेबाबरोबर बोटीने मुंबईत उतरलं आणि काकांच्या बायकोच्या, म्हणजे अहिल्याकाकूंच्या, पणजोबांनी ते मराठीत आणलं. फ्रेंच उमरावाचा सरदार झाला. बर्फात भीक मागणारी आंधळी आई गारांच्या पावसात आली. बर्फ आपल्या प्रेक्षकांनी पाहिला होता कुठे? शेवटी हरवलेल्या मुलाची चाहूल लागते आणि ती म्हणते, "बाळ, आलास का रे?" तिथे अख्खं थिएटर रडायचं म्हणे.

पुण्यात तरुणपणी काकूंनी हीच आई केली होती. आता त्यांना काकाही ओळखू येत नाहीत. "आपण कोण?" असं त्या अदबीने विचारतात. ते वाक्य कानावर पडलं तर काही आठवेल, एवढ्याच आशेवर काकांनी हे नाटक संक्रांतीच्या कार्यक्रमात घुसवलं. बाहेर ढीगभर बर्फ आणि स्टेजवर गारा!

काम करणाऱ्या इथल्या मुलांना देवनागरी वाचता येत नाही, म्हणून काकांनी सगळं नाटक इंग्रजी अक्षरांत टाइप केलं. आई होणारी नेत्रा ऐन सकाळी तापाने पडली. तिच्या जागी इथेच जन्मलेली अनिका उभी राहिली. "काका, डोन्ट वरी, मी वाचून करते." आंधळ्या आईच्या हातात कागद! मी पडदा ओढणारा, मला कोण विचारतो?

शेवटचा प्रवेश आला. पहिल्या रांगेत काकांनी काकूंचा हात धरला. 'बाळ' लिहिताना त्यांनी एकच एल घातला होता. कॉम्प्युटरने आपल्या शहाणपणाने दुसरा चिकटवला. अनिकाने जीव ओतून हाक मारली, "बॉल, आलास का रे? ये, मांडीवर ये."

हॉलमध्ये एकच हशा पिकला. मला संताप आला, पण काढू कोणावर? पोरीने लिहिलं तेच वाचलं होतं.

काका उठून ओरडले, "बाळ! बाळ आहे ते!" कोणाला ऐकू गेलं नाही. मग ते काकूंकडे वळून हळूच म्हणाले, "बाळ, आलास का रे?"

काकू हसत होत्या. सगळे हसतात म्हणून, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. काका खाली बसले.

"छान आहे नाटक," काकू म्हणाल्या. "तुमचं कोणी आहे का हो यात?"

"होतं," काका म्हणाले.