खंडेनवमीची हार्डडिस्क

मंगळवारी सकाळी बायको गेली. त्याच्या पुढच्या मंगळवारी घरातला सर्व्हर बंद पडला.

सर्व्हर म्हणजे आमच्या पलूसच्या घरात पुस्तकांच्या कपाटाशेजारी उभा असलेला लोखंडी खोका. एका कचेरीनं तो मोडीत काढला, तेव्हा मी घरी आणला होता. गावातल्या वाचनालयाचे तीन सभासद असे होते, की त्यांची दृष्टी गेली होती पण वाचनाची हौस गेली नव्हती. बायको त्यांच्यासाठी रोज दुपारी मोठ्यानं वाचायची, मी ते रेकॉर्ड करून सर्व्हरवर ठेवायचो, आणि ते तिघं आपापल्या घरी फोनवर ऐकायचे. जुनं वाचन एका हार्डडिस्कवर काढून ठेवलं होतं. तिची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर केली होती. या दोन्ही डिस्का बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असत. सर्व्हरची स्वतःची डिस्क जळली, तेव्हा बायकोचा आवाज तेवढ्या डब्यात उरला.

तिचा धाकटा भाऊ साताऱ्याकडचा. सैन्यात सिग्नलमध्ये सुभेदार होता. तेरावा झाला तरी तो परत गेला नाही. म्हणाला, "दाजी, ह्यो खोका उभा केल्याबिगार मी जात न्हाई." सांगलीला जाऊन तो नवी डिस्क घेऊन आला, जमिनीवर मांडी घालून बसला आणि तिच्यावर सर्व्हर चालवणारी लिनक्स प्रणाली टाकायला घेतली. मी खुर्चीत पुस्तक उघडं धरून बसलो. पान उलटत नव्हतो.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "हजेरी घेतली. येकबी जवान हजर न्हाई."

पडद्यावर लिहिलं होतं, की इन्स्टॉल करण्यासाठी एकही डिस्क सापडली नाही.

"वायर नीट बसली आहे ना?" मी विचारलं.

"समदी नोकरी वायरीत गेली माझी. आन तुमी मला वायर इचारताय?" असं म्हणून त्यानं वायर काढून पुन्हा बसवली, माझं लक्ष नाही असं समजून.

वायरीनं काही झालं नाही. मग तो मशीनच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरला. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता आणि त्यामुळे मशीन आपल्या मूळ सवयीवर गेलं होतं. कचेरीत असताना त्यात अनेक डिस्का एकत्र जुंपलेल्या असायच्या. आताही ते तशीच जोडी शोधत होतं आणि एकट्या डिस्ककडे बघायलाच तयार नव्हतं. सुभेदारानं ती सवय मोडली, सेल बदलला, आणि नवी डिस्क दिसू लागली.

"आता डब्यातली जोडून टाका," मी म्हणालो.

"आवं दम धरा. नवी भरती चालू असताना जुन्या मान्सास्नी मैदानात आणत न्हाईत. गडबडीत त्येंचीबी हजामत व्हायची." इन्स्टॉल करताना चुकून जुनी डिस्क पुसली जाऊ नये, हा त्याचा अर्थ. तेवढं मला कळलं.

लिनक्स बसलं. मग डब्यातली पहिली डिस्क जोडली. दिसली नाही. वायर बदलली, जागा बदलली. त्याच वायरीवर नवी डिस्क लावली तर ती लगेच दिसायची. दुसरी जुनी डिस्क लावली, तीही दिसेना.

"दोनी येकदम कशा गेल्या? डबा पडला हुता का? कुणी हात लावलावता ह्यास्नी?"

"नाही," मी म्हणालो आणि खिडकीबाहेर बघू लागलो. ते खोटं होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारं पुजतात. विळा, कात्री, शिलाई मशीन, माझं पेन. गेल्या खंडेनवमीला बायकोनं डिस्काही पाटावर घेतल्या. "खोक्याला कशाला लावायचं? काम तर ह्या करत्यात," ती म्हणाली. मग अनामिकेवर ओली हळद घेऊन थांबली आणि मला विचारलं, "आवं, ह्याचं तोंड कुठल्या अंगाला?" मी चष्मा सारखा करून दोन्ही बाजूंनी बघितलं. एका बाजूला सोनेरी दातांची बारीक ओळ होती. मी त्या दातांवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "हे."

सुभेदारानं डिस्क उजेडात नेली. बराच वेळ बघितलं. नखानं खरवडून नाकाशी धरलं.

"दाजी, हळद हाय ही."

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

"अक्काचं काम. पर अक्काला कसं कळलं हितं जोडत्यात ते? नेमकं दातावर? वरनं कुकूबी लावलंया!"

"तोंड मी दाखवलं."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग भिंतभर पुस्तकांकडे. "येवढं समदं वाचून?" म्हणाला, आणि असा खदाखदा हसायला लागला, की शेजारच्या काकू फाटकातून डोकावल्या. तेरा दिवसांच्या घरात हे कसलं हसणं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मीही हसत होतो, म्हणून त्या परत गेल्या.

हळद वाळून घट्ट बसली होती. सुभेदारानं पिशवीतून कॅन्टीनच्या रमची बाटली काढली. "मिलिटरीची हाय. समद्यावर चालती."

"ही बाटली तिनं कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. आता तिच्या आवाजावर ओतणार?"

बाटली परत पिशवीत गेली. तिच्या इन्शुलिनच्या खोक्यात स्पिरिट उरलं होतं, ते मी आणलं. कापूस, जुना टूथब्रश, आणि ब्लेडनं पातळ कापलेलं खोडरबर. दात एकेक करून त्यानं घासले आणि डिस्क जोडली.

"हजर हाय," तो हळूच म्हणाला.

पहिलीच फाईल लावली. बायको शुद्ध, सावकाश वाचत होती, एकेका शब्दाला त्याची जागा देत. मग मध्येच थांबली. "आवं, नुसतं बघत काय बसलाय? कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या?" आणि मागून माझा आवाज, "मोजल्या नाहीत." मी एकदा असे तुकडे काढून टाकायला निघालो होतो. तेव्हा त्या तिघांनी निरोप पाठवला होता, की पुस्तकातलं काही गाळलंत तर चालेल, हे गाळू नका.

संध्याकाळपर्यंत सगळं नव्या डिस्कवर उतरलं. सुभेदारानं कापूस भिजवला. "आना ती दुसरी. तिचंबी तोंड धुतो."

मी ती हातात घेतली. दातांवर हळद होती, आणि त्यांच्या वरच्या बाजूला, पांढऱ्या लेबलवर, कुंकवाचं बोट उमटलं होतं. बोटावरच्या रेषा दिसत होत्या.

"दोन प्रती झाल्या की आता," मी म्हणालो. "हिला राहू द्या."

"न चालणारी डिस्क काय कामाची, दाजी?" तो म्हणाला. मग मी धरली होती तिथं त्याचं लक्ष गेलं. त्यानं स्पिरिटच्या बाटलीला बूच लावलं.

दुसऱ्या दिवशी तो साताऱ्याच्या एसटीत बसला.

सर्व्हर चालू आहे. तिघं रोज दुपारी ऐकतात, मीही ऐकतो. दुसरी डिस्क बिस्किटांच्या डब्यात आहे. ती कुठल्याही मशीनला दिसत नाही.