कापलेल्या वायरवरचं चॅनल

भूतबित मी मानत नाही. बायकोला भिऊन झाल्यावर आणखी कोणाला भ्यायची ताकद उरत नाही... तरी हे लिहितोय.

बाभुळगावात बसस्टँडमागे आमचं घर. मोठेबाबा – वडिलांचे थोरले भाऊ – लकव्याने खाटेवर. करमणूक एकच, केबलचं लोकल चॅनल. त्यावर गावातले वाढदिवस आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'चे फोटो दिवसभर फिरायचे. वाढदिवसाला ते डोळे मिटून घेत. श्रद्धांजली लागली की चष्मा मागत.

मुलीचं ऑफिसचं काम घरून सुरू झालं, म्हणून मी फायबर घेतलं आणि केबल काढली. फायबरवर सगळं जग दिसतं, फक्त बाभुळगाव दिसत नाही. मोठेबाबांना सांगितलं, लाइनचं काम चालू आहे. बॉक्स केबलवाला घेऊन गेला. कापलेल्या वायरवर बायको कपडे वाळत घालू लागली.

ते काळ्या टीव्हीकडे बघत पडून राहायचे. एका दुपारी म्हणाले, गिरणीवाला गेला. आम्ही हसलो. संध्याकाळी त्याची अंत्ययात्रा दारावरून गेली. पुढे शिवणकामवाल्या बाईंचंही तसंच झालं. मग शेजारी चहाच्या निमित्ताने येऊन आपापल्या सासऱ्यांची चौकशी करू लागले.

एकदा मी त्यांना चहा पाजत होतो, तर म्हणाले,

"सुध्या, तुहा फोटो चालू हाये."

"वाढदिवसाचा?"

"वाढदिवसाले खाली समई दाखवतात काय बे? गुलाबी फेटा हाये, अन् दात काढून हसून राह्यला तू."

घरातले सगळे अल्बम उपसले. फेट्यातला एकही फोटो नाही! जीव भांड्यात पडला, तसा रागही आला. म्हणालो, "मोठेबाबा, टीव्ही बंद आहे. केबल मीच कापली."

त्यांनी मला चष्मा काढून घ्यायला लावला. मग म्हणाले, "मंग तू कायले घाबरला?"

त्यानंतर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. चष्मा पुन्हा मागितला नाही. पोळ्याच्या आधी गेले. त्यांचा फोटो लोकल चॅनलवर दिला, पण आमच्या घरी तो कोणालाच दिसला नाही.

फेट्यापासून मी लांबच राहतो. गेल्या आठवड्यात राळेगावला साडूच्या मुलीचं लग्न होतं. मी वाकून व्याह्यांना नमस्कार करत होतो, तेवढ्यात साडूने मागून काहीतरी डोक्यावर चढवलं. फोटोवाला म्हणाला, "काकाजी, मयतीले आल्यावानी काय उभे? हसा ना जरा."

सगळे हसले. सवयीप्रमाणे मीही हसलो. रंग नंतर पाहिला.

ह्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. फोटो मात्र छान आलाय... बायकोने मोठा करायला टाकलाय.