गवताचा कावळा

मिल्टन कीन्सच्या कावळ्यांना आमच्या अजयकाकांच्या पिंडात काडीचाही रस नव्हता. मार्चमधली गार सकाळ, काकांचा दहावा. मागच्या बागेत घडीच्या टेबलावर पिंड मांडून आम्ही किचनच्या दारात कुडकुडत उभे होतो. कबुतरं आली, एक खार आली, शेजारणीचं मांजर येऊन वास घेऊन गेलं. कावळे पलीकडच्या राउंडअबाउटवरच्या झाडांवर निवांत बसले होते. काकांच्या मुलानं, अतुलनं, आईला काही कमी पडू देणार नाही असं मोठ्यानं सांगून पाहिलं. त्यापुढे काय सांगायचं ते त्याला सुचेना. गुरुजींना हॅरोमध्ये वास्तुशांतीला जायचं होतं. त्यांनी पिशवीतून दर्भ काढला, गाठ मारून त्याचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि झालं म्हणाले. शास्त्रात तशी सोय आहे म्हणे.

मधुमतीकाकूंनी मान डोलावली आणि पानं घेतली. पण तो गवताचा कावळा त्यांना पचला नाही. कावळा शिवला नाही म्हणजे माणसाची काहीतरी इच्छा राहिली, आणि ती कोणती हे बायकोला माहीत नसावं, हे त्यांना फार लागलं. एप्रिलभर त्या मला लंडनमध्ये ईलिंगला फोन करत आणि काकांच्या इच्छांची उजळणी करत. मी त्यांची पुतणी. या गोष्टींवर माझा विश्वास नाही, पण फोन ठेवायची हिंमतही नाही. मे महिन्यात एकदा त्यांनी मधेच विचारलं, तुला फ्रान्समध्ये गाडी चालवता येते ना. मी हो म्हणाले आणि अडकले.

काकांना फ्रान्सचं वेड होतं, पण पॅरिसचं नाही. त्यांना वेड होतं तिथल्या शेतांमधल्या पहिल्या महायुद्धाच्या खुणांचं. बुजलेले खंदक, बॉम्बचे खड्डे, पांढऱ्या दगडांच्या सैनिकी दफनभूमी. आमच्या घराण्यातलं कुणी त्या युद्धात गेलं नव्हतं. काका मूळचे साताऱ्याचे. इथे आयुष्य गेलं टपालाच्या सॉर्टिंग ऑफिसात, दुसऱ्यांची नावं वाचण्यात. मी त्यांना चिडवायची, की रिटायर झालात तरी सवय सुटत नाही. कारण तिथे जाऊन ते दुसरं काहीच करत नसत. रांगेतून चालायचे आणि दगडावरचं प्रत्येक नाव हळू आवाजात वाचायचे. दर जूनमध्ये, तीसेक वर्षं.

आणि दर जूनमध्ये काकू बाहेर बसायच्या. त्या वाईच्या. बायका स्मशानात जात नाहीत, आणि गेलंच कुणी तर आल्यावर डोक्यावरून अंघोळ करतं, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. फ्रान्सच्या रानात अंघोळीची सोय कुठे असणार? म्हणून गाडीशेजारी घडीची खुर्ची, थर्मासमध्ये चहा, डब्यात चिवडा आणि हातात विणकाम. एका स्मारकापाशी काकांनी त्यांना समजावून पाहिलं होतं, की इथे कुणालाच पुरलेलं नाही, भिंतीवर नुसती नावं आहेत. नावं मेलेल्यांचीच ना, असं विचारून काकूंनी पुढचा टाका घातला. आमच्या घरात त्या खुर्चीवरून फार विनोद झाले. काका स्वतःही हसत असत.

जूनमध्ये आम्ही निघालो. डिकीत तीच खुर्ची, तांदळाची पिशवी, काळे तीळ आणि छोटा कुकर. समुद्राखालच्या बोगद्यातून पलीकडे फ्रान्समध्ये निघालो. तो मुलूख जूनमध्ये झोपेत पाहिल्यासारखा दिसतो. उतार इतके सावकाश की गाडी चढतेय की उतरतेय ते कळत नाही. गव्हावर हवा फिरते, आभाळात कुठेतरी चंडोल गात असतो पण दिसत नाही. आणि मधेच अख्खं शेत निळं. काकूंनी काच खाली केली, बघितलं आणि म्हणाल्या, जवस आहे. ती फुलं सकाळी उमलतात आणि दुपारी गळतात, म्हणून परत येताना तेच शेत साधं हिरवं होतं. मला वाटलं आपण रस्ता चुकलो. काकू म्हणाल्या, नाही, हेच ते.

पहिल्यांदा आम्ही नव्ह शापेलला गेलो. हिंदुस्थानातून आलेल्या सैनिकांचं स्मारक तिथे आहे. गोल भिंत, उंच खांब, दोन दगडी वाघ, आणि भिंतीवर कोरलेली आपल्याकडची नावं. काकू फाटकाबाहेर बसल्या. डब्याच्या झाकणावर तीळ घातलेल्या भाताचा मुटका ठेवला, हात जोडले आणि म्हणाल्या की अतुलशी तुमचं जे फाटलं होतं ते मी सांधीन. मॅगपाय नावाचा काळापांढरा पक्षी तुरतुरत आला. काकूंनी त्याला हाकललं. अर्धा काळा चालत नाही म्हणे.

रात्री मुक्कामाच्या खोलीत त्यांनी पुन्हा यादी काढली. साताऱ्याच्या फ्लॅटचं काय ते झालं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी लॉखनागरला सुरुंगानं पडलेल्या प्रचंड खड्ड्याच्या काठावर फ्लॅटचं वचन दिलं. खड्ड्याच्या तळाशी गवत दाट होतं, वरून ढगाची सावली गेली की तो श्वास घेतल्यासारखा दिसायचा. तिथे कावळा दिसला नाही. थिपवालच्या स्मारकाच्या डोंगराएवढ्या कमानीपाशी कावळेच कावळे होते. काकूंनी काकांचे नकाशे आणि पुस्तकं चांगल्या ठिकाणी द्यायचं कबूल केलं. एक कावळा आला, भाताकडे एक डोळा करून पाहिलं, आणि बाजूच्या बाकावर बसलेल्या यॉर्कशरच्या आजोबांच्या सँडविचचा तुकडा घेऊन उडाला.

मला हसू आलं आणि मी ते लपवू शकले नाही. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं, की ही बाई कावळ्यासाठी आलेली नाही. चाळीसहून जास्त वर्षं ज्या माणसाबरोबर काढली त्याच्या मनात शेवटी काय होतं हे आपल्याला माहीत नाही, या एका भीतीनं ती आली आहे. आणि मी दात काढत उभी. मला माझीच लाज वाटली.

शेवटचं ठिकाण लहान होतं. गव्हाच्या शेतात मधोमध एक बुटकी भिंत, तिच्या आत थोडेसे पांढरे दगड, कोपऱ्यात एक झाड. तिथवर जायला गाडीवाटेच्या पुढे गवताची पायवाट. काका इथे नेहमी शेवटी यायचे, आणि सगळ्यात जास्त वेळ लावायचे. मी खुर्ची उघडली. काकू बसल्या. डबा मांडीवर घेतला, पण मुटका बाहेर काढला नाही. वचनं संपली होती.

ऊन उबदार होतं आणि कसलाच आवाज नव्हता. मला बहुधा डुलकी लागली. डोळे उघडले तेव्हा काकू भिंतीकडे बघत होत्या आणि वारा आमच्याकडे वाहत होता. त्यांचं नाक हलत होतं. या नाकाबद्दल सांगायला हवं. काकू शाळेच्या किचनमध्ये कामाला होत्या. ओव्हनमधला कुठला ट्रे करपायला आलाय ते त्यांना कॉरिडॉरमध्ये कळायचं. उलट काकांना वास यायचा पण ओळखता यायचा नाही. जिरं आणि ओवा त्यांना सारखेच.

"हे दरवर्षी इथून यायचे आणि एकच सांगायचे," काकू हळूच म्हणाल्या. "म्हणायचे, आत मसाल्याचा वास येतो गं. तू येऊन जरा सांग कसला ते."

"मग तुम्ही काय म्हणायचात?"

"मी म्हणायचे, गोऱ्यांच्या दफनभूमीत कुठला आलाय मसाला. चहा घ्या, गार होतोय." थोडं थांबून म्हणाल्या, "दरवर्षी मी म्हणायचे, पुढच्या वर्षी येईन."

त्या मांडीवरच्या डब्याकडे बघत राहिल्या.

"क्रिमेटोरियममध्ये गेले की गं मी," त्या म्हणाल्या. "इंग्लंडात सगळ्या बायका जातात, मीही गेले. पुढच्या रांगेत बसले. त्यांना पोचवायला गेले तेव्हा काही अडलं नाही, आणि ते हाताला धरून बोलवत होते तेव्हा मला अंघोळीची काळजी."

त्यांनी डबा खुर्चीवर ठेवला आणि चालायला लागल्या. फाटकापाशी चपला काढाव्यात की नाही यावर क्षणभर घुटमळल्या, मग काढल्या. मी मागोमाग.

आत गवत इतकं नीट कापलेलं होतं की पायाला सतरंजीसारखं लागत होतं. दगडांच्या पायथ्याशी फुलझाडं होती, गुलाब, लॅव्हेंडर, आणखी कसली कसली. काकू कुठेच थांबल्या नाहीत. नाक पुढे करून सरळ दुसऱ्या रांगेत गेल्या, एका दगडापाशी गुडघे धरत बसल्या. तिथे करड्या बारीक पानांचा झुबका होता आणि त्यावर झालरीसारख्या कडांची गुलाबी फुलं. इंग्लंडात त्यांना पिंक्स म्हणतात, बागांच्या दुकानात पैशाला पासरी मिळतात. काकूंनी एक फूल न तोडता ओंजळीत धरलं आणि वास घेतला. पुन्हा घेतला.

मग दगडाकडे नाही, माझ्याकडेही नाही, बाजूच्या मोकळ्या जागेकडे बघून त्या म्हणाल्या, "लवंग आहे, अहो. लवंग."

मी खाली वाकून पाहिलं. खरंच लवंगेचा वास होता, साखरभातावर तूप सोडल्यावर येतो तसा. मला रडू फुटलं. काकू रडल्या नाहीत. त्यांनी दगडावर हात टेकून उठायचा प्रयत्न केला, आणि हात जिथे टेकला होता ती अक्षरं त्यांना दिसली. चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"हर्बर्ट पाइक," त्यांनी वाचलं. "वय एकोणीस."

पुढच्या दगडाशी गेल्या. "विल्यम... टेलर." त्याच्या पुढच्या. काकांचं वाचणं मी एकदा ऐकलं होतं, पुटपुटल्यासारखं. काकूंचं तसं नव्हतं. वर्षानुवर्षं शाळेच्या जेवणघरात ताट पुढे करणाऱ्या एकेका पोराला त्या नावानं हाक मारत आल्या होत्या, तोच आवाज होता. जेवायला चल, गार होतंय, असं म्हणणारा. एका दगडावर नावच नव्हतं, नुसतं एक सैनिक असं कोरलेलं. तिथे त्या थोडं जास्त थांबल्या आणि "बाळ" म्हणून पुढे गेल्या.

उन्हं कलायला लागली होती. गव्हाच्या वर पिवळी धूळ तरंगत होती, आणि रांगांमधून चालणारी काकूंची निळी साडी मधेच दिसायची, मधेच दगडाआड जायची. मला वाटलं, ही अशीच चालत राहिली तर मला चालेल.

तेवढ्यात भिंतीपलीकडून खडखड ऐकू आली. मी वळून पाहिलं. घडीच्या खुर्चीवर, काकूंच्या जागी, कावळे आले होते. एक खुर्चीच्या पाठीवर, एक सीटवर डब्यात चोच घालून, आणि तिसरा गवतात सांडलेली शितं टिपत होता. सगळे अस्सल, चकचकीत काळे, कुणाचीही परवानगी न घेता जेवत होते. डब्याचं झाकण मी नीट लावलं नव्हतं की त्यांनी उघडलं, देव जाणे. मी विश्वास न ठेवणारी बाई. पण मी धावतच काकूंपाशी गेले. ज्यासाठी इतकं केलं ते तिथे चाललंय, लवकर चला, उडून जातील, असं काहीतरी बोलले.

काकूंनी भिंतीकडे एकदा पाहिलं. एका कावळ्यानं मान वर केली, घास गिळला, पुन्हा खाली घातली.

"असू दे, खाऊ दे," त्या म्हणाल्या आणि पुढच्या दगडाकडे वळल्या. "माझ्या अजून दोन रांगा राहिल्यात."