छप्पन नंबरला बघायला

सोमवारी आमच्या मुलाच्या, तेजसच्या फुटबॉल टीममधल्या ऑफेन्सच्या कोचला काढलं आणि त्या दिवसापासून तेजस फोन उचलेना. शुक्रवारपर्यंत मी वाट पाहिली. मग मकरंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हटलं, "उद्या मॅच आहे ना? आपण जाऊ या."

"त्याला कळवायचं का?"

"कळवायला त्याने फोन उचलायला हवा."

आमच्या आधीच्या सहलींबद्दल वाचलेल्यांना सांगते, ही तशी सहल नव्हती. तरी लिहितेय, कारण आपल्यापैकी कितीतरी जणांची मुलं आता ओंटारिओतल्या अशा लहान गावांत शिकतात, आणि ऑक्टोबरमध्ये तिथे जाऊन एक मॅच बघणं जमवायलाच हवं. युनिव्हर्सिटीचं आणि गावाचं नाव मात्र देत नाही. तेजस अजून तिथे शिकतोय.

ज्यांना या खेळातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा लाथेने खेळायचा फुटबॉल नव्हे, कॅनडातला, हेल्मेट घालून धडकायचा. ज्यांच्या ताब्यात चेंडू आहे ते बारा जण म्हणजे ऑफेन्स. तीन प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेलं नाही, तर चेंडू समोरच्यांना. आमचा तेजस सेंटर आहे, जर्सी नंबर छप्पन. तो वाकून उभा राहतो, दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅकला, म्हणजे तो पुढे फेकणाऱ्याला, देतो आणि त्याच क्षणी समोरून येणारा सव्वाशे किलोचा माणूस अंगावर घेतो. सगळं नीट झालं तर त्याचं नाव कोणी घेत नाही.

यंदा नाव घेतलं जात होतं. टीम एकामागून एक हरत होती, ऑफेन्सला पॉइंट्स मिळत नव्हते. चाहत्यांचा इंटरनेटवर एक फोरम आहे आणि मकरंद तो आठवडाभर चहाबरोबर वाचत होता. कोणी म्हणे, कोचला काढलं ते बरंच झालं. कोणी म्हणे, क्वार्टरबॅक बदला. एकाने लिहिलं होतं की पुढची लाइन मधोमध गळतेय, सेंटर या लेव्हलचा नाही. ते वाचून दाखवल्यावर मी मकरंदला कॉम्प्युटर बंद करायला लावला.

काढलेल्या कोचचं नाव ग्लेन. तेजसला टीममध्ये घ्यायला तो तीन वर्षांपूर्वी रिचमंड हिलला आमच्या घरी आला होता. किचनमध्ये बसून दोनदा पोहे मागून घेतले आणि मला म्हणाला, "मी तुमच्या मुलाकडे लक्ष देईन." असं म्हणणाऱ्या माणसाला काढलं, आणि मुलगा बोलेना. मला झोप कुठून लागणार.

शनिवारी सकाळी साडेसहाला निघालो. शनिवारी एवढ्या लवकर ट्रॅफिक नसतो, तेव्हा टोलचा चारशे सात नंबरचा हायवे घ्यायची गरज नाही. सरळ चारशे एक धरा. मिल्टनच्या पुढे चढ लागतो तिथे धुकं होतं, ट्रकच्या मागचे लाल दिवे तेवढे दिसत होते. मकरंद गाडी हळू चालवत होता आणि मी पायाने नसलेला अ‍ॅक्सिलरेटर दाबत होते. सर्व्हिस सेंटरला कॉफी घेतली, मेथीचे पराठे गाडीतच खाल्ले. हायवे सोडल्यावर पुढचा पाऊण तास गावाकडचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना वाळलेला मका, घरांसमोर मांडलेले भोपळे, मेपल तर असे लाल की एरवी मी चार वेळा गाडी थांबवली असती. त्या दिवशी एकदाही कॅमेरा काढला नाही.

"त्याला टीममधून काढलं असेल का?" मी विचारलं.

"काढलं असतं तर फोरमवर आलं असतं."

"आणि त्यानेच सोडलं असेल तर?"

यावर मकरंदने रेडिओ लावला.

पार्किंग स्टेडियममागच्या गवतावर, फुकट. तिकीट गेटवरच मिळतं, दोघांचं मिळून सिनेमाच्या एका तिकिटापेक्षा कमी. बसायला अ‍ॅल्युमिनियमचे बाक असतात, ते बर्फासारखे गार पडतात, म्हणून उशी किंवा जाड ब्लँकेट न्याच. मी दोन नेली होती. तेजस मैदानात दिसला तेव्हा मला थोडं हायसं वाटलं. हेल्मेट घातलेलं, पण चाल ओळखू आली.

आमच्या मागच्या बाकावर डग आणि नॉर्मा नावाचं सत्तरीचं जोडपं होतं. डग हायस्कूलमध्ये सुतारकाम शिकवायचा, आता रिटायर्ड. गेली तीसेक वर्षं ते दोघं एकही होम गेम चुकवत नव्हते. नॉर्माने स्वतःहून आम्हाला थर्मासमधलं सूप दिलं. बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं, मी मराठीत लिहितेय.

"ग्लेनला काढायला नको होतं," नॉर्मा म्हणाली.

"काढायलाच हवं होतं," डग म्हणाला. "तीच ती धाव, मधोमध. समोरच्यांना पाठ झाली होती."

"आणि नवीन माणूस एका आठवड्यात काय दिवे लावणार?"

"लावतोय की. क्वार्टरबॅकला पाच यार्ड मागे उभा करतोय बघ. त्याला वेळ मिळेल, लांब फेकता येईल."

मकरंदला राहवलं नाही. तो मागे वळून म्हणाला, "पण मग सेंटरला चेंडू हातात न देता मागे फेकावा लागतो. एका आठवड्यात एवढा बदल करायचा म्हणजे चुका होणारच."

"होणारच," डग म्हणाला. "तुम्हाला खेळ कळतो."

पहिल्या पंधरा मिनिटांत एक चेंडू क्वार्टरबॅकच्या पायाशी पडला. दुसरा त्याच्या खांद्यावरून मागे गेला आणि समोरच्या टीमने त्यावर झडप घातली. सगळ्या स्टँडमधून एक लांब उसासा निघाला. आमच्या पुढचा एक माणूस ओरडला, "त्या छप्पनला बसवा." मी ब्लँकेटची कड घट्ट धरून बसले होते.

"कोच कोणीही आणा," डग म्हणाला, "चेंडूच नीट मागे येत नसेल तर ऑफेन्स चालणार कसा? ग्लेनची शेवटची मॅचही अशीच गेली. तीन वेळा चेंडू सांडला. त्याच सोमवारी त्याला काढलं."

"सगळं एकट्या सेंटरवर ढकलू नका," मकरंद म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "क्वार्टरबॅक आधीच मागे सरकत होता."

"मी ढकलत नाही. मी दिसतं ते सांगतो."

मला आणखी ऐकवेना. मी वळून म्हटलं, "छप्पन नंबर आमचा मुलगा आहे."

नॉर्माने डगच्या गुडघ्यावर हात ठेवला. मला वाटलं, तो सॉरी म्हणेल. तो सॉरी म्हणाला नाही. त्याने गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या हातात दिली.

"मॅडम, त्याचा उजवा हात बघा. मागच्या वर्षी आणि या सप्टेंबरमध्ये तो उजव्या हाताने चेंडू द्यायचा. गेल्या मॅचपासून डाव्याने देतोय. मी नॉर्माला तेव्हाच म्हटलं होतं. मला वाटलं, कोचने काही नवीन काढलं असेल. पण बघा, तो उजवा हात जमिनीला टेकत नाहीये."

दुर्बिणीतून मी पाहिलं. उजव्या हाताला अंगठ्यापासून मनगटापर्यंत पांढरी टेप होती. दोन खेळींच्या मधे सगळी मुलं हात कमरेवर ठेवून उभी राहायची. तेजस तो हात पोटाशी धरून उभा असायचा. एकदा कोणीतरी त्याला उठायला हात दिला तेव्हा त्याने डावा पुढे केला. मी दुर्बीण मकरंदला दिली. त्याने बराच वेळ पाहिलं आणि ती परत केली.

पुढचा दीड तास मी मॅच पाहिली नाही, एक हात पाहिला. प्रत्येक वेळी गर्दी त्याच्या अंगावर कोसळायची आणि मी तो उठेपर्यंत मोजायचे. टीम हरली. निघताना डग मकरंदला म्हणाला, "पोरगा हिमतीचा आहे. पण ही हिंमत त्याला कोणी करू देता कामा नये."

चेंजिंग रूमच्या बाहेर पालक थांबतात तिथे आम्ही उभे राहिलो. तेजस आला, आम्हाला बघून जागीच थांबला. उजवा हात जॅकेटच्या खिशात.

"आई? व्हॉट आर यू डूइंग हियर?"

"हात दाखव."

"इट्स नथिंग. इट्स जस्ट अ जॅम्ड थम."

"तेजस, हात दाखव."

त्याने हात बाहेर काढला. टेप सोडलेली होती. अंगठ्याचं मूळ सुजून निळंजांभळं झालं होतं. मी नुसतं बोट लावलं तर त्याने श्वास ओढून घेतला.

"कधीपासून?"

"दोन वीक्स."

"ट्रेनरला दाखवलंस?"

त्याने मानेनेच नाही म्हटलं. मग एकदम अडखळत अडखळत बोलायला लागला, अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. प्रॅक्टिसमध्ये हात दुसऱ्याच्या हेल्मेटखाली आला होता. त्याला वाटलं, दोन दिवसांत बरा होईल. कोच ग्लेनला सांगितलं असतं तर त्याने लगेच बसवलं असतं, म्हणून सांगितलं नाही. मॅचमध्ये डाव्या हाताने चेंडू दिला, तीनदा सांडला, मॅच गेली. सोमवारी ग्लेनला काढलं.

"ही गॉट फायर्ड बिकॉज ऑफ मी, आई. आता कोणत्या तोंडाने सांगू की हात दुखतोय?"

मकरंद म्हणाला, "तू आता आत जाऊन नव्या कोचला सांगणार आहेस. तू गेला नाहीस तर मी जाईन."

"बाबा, प्लीज. मी जातो."

तो आत गेला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मकरंद त्या छोट्या पॅसेजमध्ये येरझारा घालत होता. तेजस बाहेर आला तेव्हा रडून त्याचे डोळे लाल झाले होते. त्याच्यामागे टीमची ट्रेनर, खेळाडूंच्या दुखापती बघणारी एक तरुण मुलगी, तीही हादरलेली. "तुम्ही सरळ इमर्जन्सीला न्या," ती म्हणाली.

गावातल्या हॉस्पिटलमध्ये हेल्थ कार्ड दाखवलं की काम झालं, फक्त थांबायची तयारी ठेवा. आम्हाला तीन तास लागले. वॉशरूमशेजारच्या मशीनमधली कॉफी घेऊ नका. एक्स-रेमध्ये अंगठ्याच्या मुळाशी, मनगटातलं एक छोटं हाड मोडलेलं दिसलं. डॉक्टरीणबाईंनी तेजसलाच विचारलं, "यावर तू पूर्ण मॅच खेळलास?"

"दोन."

त्या म्हणाल्या की या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो. आणखी काही आठवडे असंच गेलं असतं तर ते जुळलंच नसतं, पकड कायमची गेली असती. आताही जुळेल अशी आशा आहे, खात्री नाही. कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. त्याचा सीझन संपला.

रात्री मोटेलमध्ये राहिलो. स्वच्छ होतं, हीटरचा आवाज फार. तेजस आमच्याच खोलीत दुसऱ्या बेडवर झोपला, मी घरून आणलेला चिवड्याचा डबा उशाशी घेऊन.

रविवारी सकाळी डायनरमध्ये अंडी आणि पॅनकेक खाताना तो म्हणाला, "मला कोच ग्लेनकडे जायचंय. यू कॅन वेट इन द कार."

गावाच्या टोकाला ग्लेनचं घर होतं. तो अंगणात रेकने पानं गोळा करत होता. आम्ही गाडीतच बसलो. तेजस त्याच्यासमोर उभा राहून बोलत होता, प्लास्टरचा हात पोटाशी. ग्लेनने ऐकता ऐकता रेक भिंतीला टेकवून ठेवला. काच वर होती, शब्द येत नव्हते. तेजसची मान खाली गेली तेव्हा मी दाराला हात घातला. मकरंदने मला थांबवलं. "त्याला बोलू दे."

मग ग्लेनने त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघं गाडीकडे आले. मी काच खाली केली.

"मिसेस," ग्लेन म्हणाला, "तो म्हणतो माझी नोकरी त्याच्यामुळे गेली. तसं नाही. मला काढायचं आधीच ठरलं होतं. मला ते माहीत होतं." मग थांबून म्हणाला, "पण मी लक्ष देईन म्हणालो होतो, आणि माझ्या सेंटरने हात बदलला ते मला दिसलं नाही. त्याची शरम मला वाटते."

"मलाही दिसलं नसतं," मी म्हटलं. "मागच्या बाकावरच्या माणसाने दाखवलं."

तेजसला त्याच्या खोलीवर सोडलं. बुटाची नाडी बांधायला त्याला एका हाताने जमेना. पायरीवर बसून मी बांधली. समोरून टीममधली दोन मुलं गेली, तरी त्याने पाय मागे घेतला नाही.

परतीच्या वाटेवर ऊन होतं. दुपारी तीनला घरी पोचलो, पराठ्यांचा डबा धुतला, सोमवारच्या डब्याची भाजी चिरली.

याला आता तीन महिने झाले. टीम पुढे एकच मॅच जिंकली. सीझन संपल्यावर हेड कोचही गेला आणि फोरमवर आता नवा कोण यावर भांडणं चालू आहेत. प्लास्टर निघालंय, हाड जुळतंय, अंगठा अजून पूर्ण वळत नाही. पुढच्या वर्षी खेळायचं की नाही हे तेजसने ठरवलेलं नाही, आणि तो काय ठरवेल याची मला दोन्हीकडून भीती वाटते.

ग्लेन खरं बोलला की मुलाला हलकं वाटावं म्हणून बोलला, यावर आमचं एकमत नाही. मकरंद म्हणतो, त्याला आधीच माहीत असणार, अशा गोष्टी कळतात. मला अंगणात रेक टेकवून ठेवतानाचा त्याचा चेहरा आठवतो आणि मला वाटतं, ते त्याने तिथे उभ्या उभ्या ठरवलं. तेजसने काय मानलं, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.