बिनखिशाची चड्डी

भूपेशला एका जागी बसवत नसे. लहानपणी चार घास पोटात गेले की तो पानावरून उठायचा, अंगणात एक फेरी मारायचा आणि मग उरलेलं जेवायचा. "याला बसाला कोनी शिकवलाच नाय," असं त्याची आई सत्यवती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. नायगावच्या खाडीकडे त्यांची भातशेती होती. बांधावरून पळून पळून आणि पुढे गावच्या संघात कबड्डीच्या चढाया करून करून पोराच्या मांड्या खोडासारख्या झाल्या. मग कबड्डी सुटली. लग्न झालं. नालासोपाऱ्यातल्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायची नोकरी लागली. मांड्या मात्र तशाच राहिल्या, आणि आतली चुळबुळही. टीव्हीसमोर बसला तरी त्याचा एक पाय हलत असायचा. शेवटी त्याची बायको रचना कंटाळली.

"वसईत कुस्तीसारखं काहीतरी शिकवतात म्हणे," ती म्हणाली. "जा तिथे. घरातल्या फरशीवर दया करा."

असा भूपेश चाळिशी ओलांडल्यावर डेरिक सरांच्या क्लासला लागला. एका गॅरेजच्या वरचा हॉल, खाली निळ्या गाद्या अंथरलेल्या. या खेळाला ज्युजित्सू म्हणतात. यात ठोसे नाहीत, लाथा नाहीत. जमिनीवर लोळत एकमेकांना पकडायचं, सुटायचं, आणि पुरता अडकलास की समोरच्याला किंवा गादीवर दोन थापा मारून हार मानायची. पाठीवर पडून कंबर झटकत मागे सरकायला सर 'कोळंबी' म्हणत. भूपेशला पहिल्याच दिवशी कोळंबी जमली. घरी आल्यावर बऱ्याच वर्षांनी तो शांत झोपला.

अडचण एकच होती, चड्डीची. कमरेला बसेल अशी घेतली तर मांडीत रुतायची. मांडीला सैल घेतली तर धरपकडीत कमरेवरून घसरायची. एकदा समोरच्याच्या पकडीतून सुटताना आसनाची शिवण टर्रकन पुढून मागपर्यंत उसवली आणि सगळा हॉल हसला. भूपेशही हसला. पुढच्या दिवशी घाईत त्याने सकाळी फिरायला जायची चड्डी पिशवीत टाकली. ती पातळ कापडाची होती, दोन्ही बाजूंना चेनचे खिसे होते. खिसेवाली चड्डी चालणार नाही, हे सरांनी सगळ्यांना बजावलं होतं. आजच्या दिवस काय होतंय, असं भूपेशने मनात म्हटलं.

त्या दिवशी त्याची जोडी कार्मिनशी लागली. कार्मिन पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली, पंचविशीच्या आतबाहेरची. एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची. अंगाने बारीक, पण पकड चिवट. तिने खालून त्याची कंबर धरली, आणि तो आपलं सगळं वजन टाकून जोरात पलीकडे वळला. तिचा हात सुटला. एक बोट मात्र सुटलं नाही. खिशाची चेन उघडी होती आणि करंगळीशेजारचं बोट खिशात अडकलं होतं.

कार्मिन ओरडली नाही. ती उठून बसली, हात समोर धरून बघत राहिली. बोट मधल्या सांध्यातून भलतीकडे वळलं होतं.

डेरिक सरांनी तिला स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. जाताना त्यांनी भूपेशच्या चड्डीकडे एकदा पाहिलं. भूपेश हॉलच्या दारात उभा राहिला, मग जिन्यात, मग रस्त्यावर. मागोमाग जावं की न जावं हे ठरेपर्यंत स्कूटर दिसेनाशी झाली होती.

सांधा निखळला होता. डॉक्टरांनी तो बसवला, आणि बोट शेजारच्या बोटाला जोडून पट्टीत बांधून ठेवायला सांगितलं. हे भूपेशला क्लासच्या ग्रुपवर कळलं. त्याने खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं, आणि लगेच ते पुसून टाकलं.

मग तो चड्डीच्या मागे लागला. काम संपलं की नालासोपारा स्टेशनसमोरची दुकानं पालथी घालायचा. खिसा नको, चेन नको, नाडीच्या भोकांना धातूच्या कड्या नकोत. दोन्ही हातांनी शिवण ताणून तो धाग्यांमधून उजेड दिसतो का बघायचा. कपडे बदलायच्या खोलीत शिरला की उकिडवा बसायचा, गुडघा छातीला लावायचा, एक पाय भिंतीवर वर सरकवायचा. बाहेरून दुकानदार दारावर टकटक करी. "साहेब, आत काय चाललंय? फाटली तर घ्यावी लागेल."

एक चड्डी सगळ्या बाबतीत बरी निघाली, पण पुढे वेल्क्रोची चिकटपट्टी होती, खरखरीत. ती कुणाच्या गालाला घासली तर? ठेवून दिली. दोन ऑनलाइन मागवल्या. घालून दिवाणखान्यात कोळंबी काढत तो सोफ्यापासून बाल्कनीपर्यंत गेला आणि परत आला. एक मांडीत अडकली, दुसरी गुडघ्यापर्यंत उतरली. दोन्ही परत पाठवल्या. लिफ्टच्या टपावर उभा राहून तारा तपासतानाही त्याच्या डोक्यात शिवणीच फिरत. एकदा तर मशीनच्या खोलीचं कुलूप न लावताच तो खाली आला, आणि सोबत्याने त्याला परत वर पाठवलं.

रात्रीच्या जेवणाला तो पुन्हा मोबाइलवर चड्ड्यांचे फोटो सरकवत बसला, तेव्हा रचनाने मोबाइल काढून घेतला आणि पालथा ठेवला.

"त्या मुलीला भेटलात?"

"नाही अजून."

"फोन?"

तो पोळीचा तुकडा मोडत राहिला.

"मग कितीही चड्ड्या आणा," रचना म्हणाली. "एकही अंगाला लागायची नाही तुमच्या."

रविवारी दुपारी तो पाचूबंदरला गेला. मासळीचा लिलाव केव्हाच उरकला होता. होड्या चिखलात कलल्या होत्या. कार्मिनचं घर विचारत विचारत तो पोचला, तर ओट्यावर तिची आई डेल्फिन सुकवलेले बोंबील निवडत बसली होती. त्याने नाव सांगितलं. डेल्फिनचा हात थांबला.

"तू तो काय," ती म्हणाली. मग टोपली बाजूला सारत, "बस. पानी पितोस?"

तो बसला नाही. उभ्यानेच तांब्या रिकामा केला. कार्मिन आतून आली. पट्टी बांधलेली दोन बोटं तिने ओढणीआड घेतली.

"कार्मिन, चूक माझी आहे," भूपेश म्हणाला. वाटेत त्याने बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं एवढंच राहिलं. "सरांनी सांगितलं होतं. माहीत असून मी ती चड्डी घातली."

"हो," ती म्हणाली. "चूक तुमचीच आहे, दादा. घरून निघताना खिशाला चार टाके घातले असते तरी भागलं असतं."

"हो."

"मला बोटाचा राग नाही आला. खेळात लागतं. पण सर आले, बाकीची मुलं आली. तुम्ही आला नाहीत. लॅबमध्ये मला सुई हातात देत नाहीत सध्या, नुसती कागदं लिहायला बसवलंय. दिवसभर बसून डोक्यात तेच. हा माणूस साधं विचारतही नाही."

भूपेश ओट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि परत आला.

"बस की रे बाबा," डेल्फिन म्हणाली. "माशा उठतान."

तो बसला. काय करावं कळेना म्हणून त्याने टोपलीतले बोंबील निवडायला घेतले. आपण दुकानं कशी पालथी घातली, दिवाणखान्यात कशी कोळंबी काढली, हे तो खाली बघून सांगत गेला.  गोष्ट सोफ्याजवळ आल्यावर कार्मिनला हसू आलं.

"तुम्ही कमरेचं माप बघून घेताय," ती म्हणाली. "मांडीचं बघा. मांडीला सैल होईल ती घ्या, कमरेला आतून नाडी असते, ती आवळायची. आणि दोन पायांच्या मधे कापडाची कळी, म्हणजे वेगळा तुकडा, जोडलेली हवी. नाहीतर चार शिवणी एका ठिकाणी येतात आणि तिथेच फाटते."

तशी चड्डी मिळायला आणखी आठवडा गेला. काळी होती, थोडी ताणली जाणारी, बाजूला छोटी चीर असलेली. कमरेचं माप त्याच्या नेहमीच्या मापापेक्षा दोन नंबर मोठं होतं. नाडी आतून आवळल्यावर ती जागची हलली नाही. पहिल्यांदा धुतल्यावर त्याने ती उलटी करून आसनाची शिवण तपासली. रचनाने हे पाहिलं आणि चिमटे पुढे केले.

कार्मिन क्लासला परतली तेव्हा पावसाळा सरत आला होता. सर जोड्या लावत होते. ती स्वतःच भूपेशसमोर येऊन उभी राहिली, आणि पोलिसाने झडती घ्यावी तशी त्याच्या चड्डीच्या दोन्ही बाजूंवरून तळहात फिरवून "चला" म्हणाली. पण त्या दिवशी भूपेश खेळला असा नाहीच. तिने धरलं की तो सैल सोडून द्यायचा.

"मला काच समजू नका," ती वैतागून म्हणाली. दुसऱ्या फेरीला तिने जोडी बदलून घेतली.

थंडीत तिचा साखरपुडा झाला. रचना आणि भूपेश दोघांना आमंत्रण होतं. अंगठी उजव्या हातात घालायची होती. दुखावलेलं बोट त्याच हाताचं, आणि त्याचा सांधा जाडच राहिला होता. अंगठी सांध्यावर अडली. मुलाने हळूच रेटून पाहिली. कुणीतरी साबण म्हणालं, डेल्फिनने खोबरेल तेल आणलं. माणसं हसत होती, कार्मिनही हसत होती. भूपेश मात्र मांडवातून बाहेर पडला आणि वाळत घातलेल्या जाळ्यांच्या कडेकडेने येरझारा घालत राहिला. रचना ताट घेऊन मागून आली. त्याने उभ्याउभ्याच खाल्लं.

सोमवारी क्लासला कार्मिन त्याच्याआधी आली होती.

"फोटोत तुम्ही नाहीत," ती म्हणाली. "कुठे गेला होतात?"

"बाहेरच होतो." त्याने तिच्या हाताकडे पाहिलं. "अंगठी?"

"मोठी करायला दिलीय. येईल." ती गादीवर गुडघे टेकून बसली. "आज ढिले पडलात तर सरांना सांगून तुमच्याशी कायमची जोडी तोडेन. या."

भूपेश समोर बसला. तिने कंबर धरली. या वेळी तो पूर्ण वजन टाकून वळला, ती सुटली, फिरून त्याच्या पाठीवर आली आणि तिचा हात त्याच्या गळ्याखालून गेला. त्याने बरीच धडपड केली. मग गादीवर दोन थापा मारल्या.

"परत," कार्मिन म्हणाली.