कच्चं सोयाबीन आणि खंडाळ्याच्या बाई

खंडाळ्याच्या ज्या बाईंनी आमच्या वाडीतल्या पोरांना कच्चं सोयाबीन खाऊ घातलं, त्यांचं कौतुक करणारी माणसं मला अजून भेटतात. बाई दानशूर होत्या, त्यांना गरिबांचा कळवळा होता, असं सांगतात. कळवळा होता, हे मी नाकारत नाही. पण कळवळ्याच्या जोडीला दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय लागते, ती त्यांना नव्हती. आणि मला सगळं दिसत असून मी चार महिने गप्प बसले, तेव्हा माझंही कौतुक करण्यासारखं काही नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. मी टाकवे बुद्रुकला उपकेंद्रात नर्स होते. वय पंचवीस, जन्म पुण्यातला, डोंगर चढायची सवय नाही. टाकव्याहून दोन तास वर चढलं की ठाकरांची एक वाडी लागायची. तीसेक घरं, एक शाळेची खोली, तिला पुढे ओटी. मी महिन्यातून दोनदा तिथं जायचे, पोरांची वजनं करायचे, बाळंतिणी बघायचे. मावळात पाऊस उदंड, त्यामुळे दुष्काळाची मदत वाटणाऱ्यांच्या यादीत ही वाडी नव्हती. पण पाऊस उदंड पडला म्हणून चैत्र-वैशाखात घरात नाचणी उरते असं नाही. तेव्हा तिथली माणसं डोंगरातले कंद उकरून खायची आणि पोरांची वजनं दर खेपेला थोडी थोडी उतरायची. मी ती वहीत लिहून वर पाठवायचे. वरून उत्तर आलेलं मला आठवत नाही.

अशात एका शनिवारी बाई आल्या. मुंबईच्या, पण वर्षातले आठ महिने खंडाळ्याच्या बंगल्यात राहायच्या. डोंगराच्या पायथ्यापर्यंत जीप आणि पुढे चालत, हे मात्र खरं. चढ त्यांनी स्वतःच्या पायांनी चढला. मागून चार माणसं सोयाबीनची पोती घेऊन. पिवळे, गोल, वाटाण्याएवढे दाणे. ते आम्ही कुणीच तोपर्यंत पाहिले नव्हते. बाई परदेशात जाऊन आल्या होत्या आणि येताना हे ज्ञान घेऊन आल्या होत्या. शाळेच्या ओटीवर उभ्या राहून त्यांनी अर्धा तास भाषण दिलं. मांसापेक्षा जास्त ताकद या दाण्यात आहे, दुधाची गरज नाही, अंड्याची गरज नाही. ज्यांनी दूध आणि अंडी सणासुदीलाही पाहिली नव्हती, त्यांना हे त्या सांगत होत्या.

"एकच लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या, "हे आगीवर ठेवायचं नाही. शिजवलं की त्यातलं सत्त्व मरतं. दळायचं, पाण्यात कालवायचं, गूळ घालायचा आणि मुलांना द्यायचं. मी स्वतः दोन वर्षं रोज कच्च्या सोयाबीनचं दूध पिते. माझ्याकडे बघा."

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. तब्येत उत्तम होती.

पोरांना खाऊ घालायचं काम वाडीतल्या एका मावशीकडे आलं. साठीची, काटक, तिची चार वर्षांची नात सतत पदराला धरून. मावशीनं एक दाणा दाताखाली फोडला, थुंकला आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाय, ह्ये कच्चं न्हाई द्यायचं. उग्र हाय. आमी कडूकंद आनला तर उकडून, चकत्या करून रातभर वढ्याच्या पान्यात ठिवतो, मंग खातो. तसाच खाल्ला तर मानूस वकून वकून मरंल. ह्ये बी त्यातलंच दिसतंय."

मी काय म्हणाले ते सांगायला लाज वाटते. मी म्हणाले, "मावशी, त्या शिकलेल्या आहेत."

तिसऱ्या दिवशी निरोप आला. वर जाऊन बघते तर वाडीतली निम्मी पोरं पोट धरून बसलेली. उलट्या, जुलाब, पोरांची पोटं ढोलासारखी फुगलेली. मावशीच्या नातीचे डोळे खोल गेले होते, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. मी दोन दिवस तिथंच राहिले. तांदळाच्या पेजेचं पाणी, मीठ घालून, चमच्या-चमच्यानं. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीला लघवी झाली तेव्हा मावशी भिंतीला टेकून बसली आणि प्रथमच रडली. मला मात्र ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

खाली आल्यावर मी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे गेले. ते बाईंच्या बंगल्यावर एकदा चहाला जाऊन आले होते आणि त्या चहाची चव अजून त्यांच्या तोंडात होती.

"सिस्टर," ते म्हणाले, "उपाशी पोटाला प्रोटीनची सवय नसते. होईल हळूहळू."

"साहेब, आपण ते दाणे पाहिलेत का?"

"पाहायचं काय त्यात? प्रोटीन ते प्रोटीन."

मी त्यांच्या हाताखाली तीन वर्षं काम केलं. त्या काळात ते कुठल्याही वाडीवर चढल्याचं मला माहीत नाही. चढाचा त्यांना दम लागायचा म्हणे.

खाली टाकव्यात तोवर दुसरंच निघालं होतं. तिथल्या एका बड्या बागाईतदारानं पारावर बसून जाहीर केलं होतं की हे दाणे खाल्ले की गडी बायकांसारखे होतात, दाढी येत नाही, पोरं होत नाहीत, आणि हे सगळं नसबंदीवाल्यांचं काम आहे. त्याला कुणी विचारलं नाही की तुला कसं कळलं. तो माणूस वाडीतल्या पोरांचं पोट फुगलंय की खपाटीला गेलंय हे बघायला कधी वर आला नव्हता, पण त्यांच्या भावी संततीची त्याला काळजी होती. अफवा डोंगर चढून वर पोचली, तेव्हा मावशी म्हणाली, "गडी कुटं खात्यात? पोरं खात्यात, आन पोरं हागत्यात. आदी त्येचं बोला." त्या वाडीत मी पुढच्याच वर्षी बाळंतपणं करून थकले, एवढं त्या बागाईतदाराच्या शास्त्राबद्दल सांगून पुरे.

मग मी स्वतः खंडाळ्याला गेले. बंगला दरीच्या तोंडावर. बाईंनी मला व्हरांड्यात बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि हसल्या.

"सिस्टर, तुम्ही घाबरलात. उलट्या-जुलाब म्हणजे शरीरातली घाण बाहेर पडतेय. हे चांगलं लक्षण आहे."

"बाई, एक मुलगी मरता मरता वाचली."

"आणि वाचली ना? त्यांना कंदमुळं खायची सवय. चांगलं अन्न पोटात गेलं की सुरुवातीला असं व्हायचंच." मग माझ्यापुढे पेला सरकवला. "घ्या. कच्च्या सोयाबीनचं दूध. मला काही झालंय का?"

मी प्यायले. बेचव होतं, पण उग्र नव्हतं. मावशीनं थुंकलेल्या दाण्याचा वास त्यात नव्हता. निघताना मी मागच्या दारानं स्वयंपाकघराशी गेले, पाणी मागायच्या निमित्तानं. तिथं बाईंचे स्वयंपाकी होते. मळवलीचे म्हातारे गृहस्थ, त्यांना सगळे आबा म्हणायचे. चुलीवर पातेलं होतं आणि त्यात पांढरं काहीतरी उकळत होतं.

"आबा, हे काय?"

त्यांनी व्हरांड्याच्या दिशेनं एकदा पाहिलं. "बाईंचं दूद. उद्याचं."

"हे तर कच्चं द्यायचं ना?"

"पैल्या आठवड्यात दिलं कच्चं," आबा शांतपणे म्हणाले. "बाई दोन दिस आंथरुनातनं उटल्या न्हाईत. डाक्टर आनला. तवापासनं उकळून, गार करून देतो. त्यांना सांगितलं तर पटायचं न्हाई, आन न सांगता दिलं तर पचतंय. तुमी बोलू नका. म्हातारपनी कुटं जाऊ?"

मी बाईंना काही सांगितलं नाही. आबांच्या नोकरीसाठी गप्प बसले असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. खरं कारण असं की बाईंशी आणि डॉक्टरांशी भांडायची मला भीती वाटत होती, आणि आबांनी ती भीती लपवायला एक चांगलं पांघरूण दिलं.

मावशीला मात्र दुसऱ्याच दिवशी वाडीवर जाऊन सांगितलं की बाईंचं दूध उकळलेलं असतं. तिनं मान डोलावली, तिला त्यात नवीन काही नव्हतं. आम्ही दळणं बंद केलं. दाणे रात्री भिजत घालायचे, सकाळी चोळून सालं काढायची, ते पाणी फेकायचं, मग दुपारपर्यंत रटरट शिजवायचे. सरपणाला तोटा नव्हता. शिजलेले दाणे कुटून उरल्यासुरल्या नाचणीच्या मूठभर पिठात, मीठ-मिरची घालून त्याची भाकरी. पहिल्या दिवशी मावशीनं आधी स्वतः खाल्लं, एक दिवस वाट बघितली आणि मगच पोरांना दिलं. ही खबरदारी ना बाईंना सुचली, ना डॉक्टरांना, ना मला.

पोरांना काही झालं नाही. थोडा वात झाला, तो हरभऱ्यानंही होतो. महिन्याभरात माझ्या काट्यावर वजनं चढायला लागली. नातीच्या दंडाला जरा मांस आलं. पुढे मी एका पुस्तकात वाचलं की कच्च्या सोयाबीनमध्ये असं काही असतं, जे पोटात अन्नच पचू देत नाही आणि ते शिजवल्यावर जातं. पुस्तकात ते पानभर होतं. मावशीनं ते एका दाण्यात ओळखलं होतं.

पाऊस लागायच्या आधी बाई पुन्हा आल्या. या वेळी मुंबईचे चार पाहुणे, एक फोटो काढणारा आणि आमचे डॉक्टर. टाकव्यापर्यंत. साहेबांना दम लागतो म्हणून पोरांनाच खाली आणवलं होतं. डॉक्टरांनी माझ्या वहीतली वजनं मोठ्यानं वाचून दाखवली आणि म्हणाले की कच्च्या सोयाबीनचा हा विजय आहे. एका पाहुण्यानं मावशीला विचारलं, "तुम्ही हे कसं देता?"

"शिजवून," मावशी म्हणाली. "कच्चं आमी ढोरालाबी घालत न्हाई."

बाईंनी पाहुण्यांकडे वळून सांगितलं, "तिला प्रश्न कळला नाही." सगळे हसले. डॉक्टर जास्त हसले. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी वही मिटत होते.

श्रावणात बाईंचं पत्रक छापून आलं. वर आमच्या वाडीतल्या पोरांचा फोटो, खाली कृती: दळा, कालवा, पाजा, विस्तवाला लावू नका. पत्रकाबरोबर पोती पलीकडच्या खोऱ्यातल्या दुसऱ्या वाडीत गेली. आठव्या दिवशी तिथली माणसं मला बोलवायला आली. तिथं मावशी नव्हती. पुन्हा तीच फुगलेली पोटं, तेच खोल गेलेले डोळे, तीच पेज, पण या खेपेला भर पावसात, गळक्या झोपडीत, चार दिवस. कुणी दगावलं नाही. त्यात माझं कर्तृत्व कमी आणि नशीब जास्त.

तिथून मी घरी न जाता भिजलेल्या लुगड्यानिशी खंडाळ्याला गेले. पत्रक बाईंच्या पुढ्यात ठेवलं आणि सगळं सांगितलं. वजनं का वाढली, मावशी काय करत होती, मी काय लपवलं. फक्त आबांचं नाव घेतलं नाही.

"मी दोन वर्षं कच्चंच पिते आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या प्रकृतीचं तुम्ही काय सांगणार?"

तेवढ्यात आबाच दारात येऊन उभे राहिले. चहाचा ट्रे हातात होता, तो त्यांनी नीट मेजावर ठेवला.

"बाई, तुमी कच्चं पीत न्हाई. पैल्या आठवड्यानंतर एकदाबी प्यायला न्हाई. मी उकळून देतो."

बाईंचा चेहरा मी बघत होते. राग येईल असं वाटलं होतं, आला नाही. त्यांनी पुढ्यातलं पत्रक उचलून पालथं ठेवलं. मग म्हणाल्या, "मग मला इतके दिवस बरं कसं वाटत होतं?"

"म्हनूनच," आबा म्हणाले.

त्यांनी आबांना काढलं नाही. एवढं त्यांच्या बाजूनं लिहिते. पण वाडीवर जाऊन मावशीशी दोन शब्द बोलावेत, पलीकडच्या वाडीतल्या आयांची तोंडं बघावीत, पत्रक चुकीचं होतं असं दुसरं पत्रक छापावं, यातलं त्यांनी काहीही केलं नाही. सोयाबीन बंद. पोती येणं बंद. ज्या वाडीत दाणे नीट शिजत होते आणि पोरं भरत होती, तिथलीही बंद. स्वतः चुकल्याचं कळल्यावर त्यांना ते धान्यच नकोसं झालं. पुढच्या वर्षी त्या गव्हाच्या कोवळ्या पात्यांचा रस पितात असं कानावर आलं. आबा तो उकळत होते की नाही, मला माहीत नाही.

डॉक्टरांची बढती झाली. निरोपाच्या सभेत वाडीतल्या वजनांचा उल्लेख झाला आणि त्यांनी मान लववून तो स्वीकारला. बागाईतदार मात्र आजन्म सांगत राहिला की त्याच्यामुळे मावळातल्या पुरुषांची अब्रू वाचली.

भाद्रपदात मी वाडीवर गेले तेव्हा शेवटच्या पोत्यातले दाणे संपत आले होते. मावशी ओटीवर बसून ते चोळत होती.

"आता न्हाई येनार का?" तिनं विचारलं.

"नाही, मावशी."

"का? आता तर पचत हुतं."

मी काटा टांगला, नातीला झोळीत बसवलं आणि वजन लिहून घेतलं.