लावणीच्या रांगेतली जागा

माझी थोरली बहीण आक्का जाऊन महिना झाला. काल बांधावरून येताना भाताच्या उपटलेल्या रोपांचा ओला, हिरवट वास आला आणि मी नवी शिक्षिका होते त्या आषाढातली एक सकाळ आठवली.

आक्का पुण्याच्या वेड्यांच्या इस्पितळातून बरी होऊन आली होती. ती लावणीला उतरली, तशा बायका रांग सोडून बांधावर चढल्या. शेजारची सखू ओरडली, "हिच्या बाजूला आमी न्हाई वाकायचं. कवा अंगावर धावंल, काय नेम हाय?"

मी चारचौघांत तोंड न उघडणारी. तरी पातळ वर खोचून चिखलात आक्काच्या शेजारी उभी राहिले. "हिवतापातून उठलेल्या बाईला कुणी रांगेतून काढतं का? मनही आजारी पडतं, औषधानं बरं होतं."

"मास्तरीणबाई, आदी रोप तरी सरळ लावा!" कुणीतरी हसलं. माझं रोप आडवं झालं होतं. आक्कानं ते नीट केलं. तेव्हा वाटलं, धीट मीच. आता कळतं, जागा न सोडणारी तीच धीट होती.

दुपारी सखू हळूच जवळ आली. "बाई, माझी पोरगी चार म्हैनं कुणाशी बोलत न्हाई. तितं पुण्याला औषिद मिळंल?"

"मिळेल. पण सकाळी बोललीस तेवढ्याच मोठ्यानं विचार, सखू. सगळ्यांना ऐकू दे."